एकतिसावा अध्याय

“कुलपं काढा! घरातली सारी कुलपं काढा!”

कौतिकाबाई ओरडत घरभर फिरत होत्या. त्यांचा मुलगा उकंडराव याने कपाट उघडलं, पेट्या उघडल्या, धान्याच्या कोठीवरचं झाकण काढून भिंतीला टेकवलं. गोठ्यातल्या बैलांची दावी सोडली. घरातल्या बायकांनी वेण्या मोकळ्या केल्या. बाई अडली की घरात काही बांधलेलं, काही बंद राहू द्यायचं नाही, अशी खारोळा गावची रीत होती.

मी ओसरीच्या टोकाला असलेल्या खोलीत राहत होतो. गावात शाळामास्तर म्हणून येऊन मला दीड वर्ष झालं होतं. पौषातली दुपार होती, रविवार होता, आणि मी दाराआड पुस्तक घेऊन बसलो होतो. खरं म्हणजे मी लपलो होतो.

“मास्तर, तुमची पेटी!”

“तिच्यात पुस्तकं आहेत, कौतिकाबाई.”

“पुस्तकं का देव हाये? उघडा!”

मी पेटी उघडली.

उकंडरावाची बायको पंचफुला कापसाच्या खोलीत होती. वेचणीचा कापूस विकायला जाईपर्यंत जिथे रचून ठेवत, त्या खोलीत. आदल्या संध्याकाळपासून ती कळा देत होती. याआधीची तिची दोन मुलं जन्मतःच गेली होती. दीड वर्षात मी तिचा चेहराही धड पाहिला नव्हता. ओसरीवर माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट तेवढं माझ्या ओळखीचं होतं. ताटात चटणी नेहमी डावीकडे असे, आणि कधीतरी मी भाकरी उरवली की दुसऱ्या दिवशी भाकरी लहान असे. एवढीच आमची बोलणी.

गुंफाबाई सुईण बाहेर आली आणि ओसरीच्या कडेला मटकन बसली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातून जन्मली होती. उकंडरावही.

“आडवं हाये,” ती म्हणाली. “हात भाईर आला. माह्या हातचं नाई आता हे. डाक्टरीनबाईले बोलवा.”

“तिले?” कौतिकाबाई म्हणाल्या. “लगन नाई, लेकरू नाई, कपायावर कुकू नाई. तिले काय समजते बायंतपनातलं?”

“मले समजते ते तं संपलं, कौतिका,” गुंफाबाई म्हणाली.

डॉक्टर विमल असनारे यांना गावात येऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या सगळ्या टापूत पहिली बाई डॉक्टर. दवाखाना नवा होता, भिंतींना चुन्याचा वास होता, आणि बाकावर कोणी नसे. त्यांच्याकडे आलेला पहिला रोगी म्हणजे खूर चिघळलेला एक बैल. त्यांनी खूर धुऊन पट्टी बांधली, बैल बरा झाला, आणि गावात असं झालं की बाई जनावरांची डॉक्टरीण चांगली आहे. बाया मात्र येत नव्हत्या. दवाखान्यात नेमाने जाणारा मी एकटा. मी औषधाला जात नसे. त्यांच्याकडे पुस्तकांचं एक कपाट होतं. मी पुस्तक परत करायचो, दुसरं घ्यायचो, आणि “कसं वाटलं?” असं त्यांनी विचारलं की “बरं आहे” म्हणून निघून यायचो. घरी आल्यावर मला काय बोलायचं होतं ते आठवायचं.

उकंडराव सायकलवरून त्यांना घेऊन आला. म्हणजे सायकल त्यांचीच होती; त्या चालवत होत्या आणि उकंडराव मागे त्यांची बॅग घेऊन धावत होता. त्यांनी हात धुतले, खोलीत गेल्या, आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या.

“बाळ जिवंत आहे,” त्या म्हणाल्या. “आत हात घालून ते फिरवावं लागेल. पाय धरून काढायचं. तालुक्याला न्यायला वेळ नाही. मला अर्धा तास द्या, आणि तेवढ्यात कोणी आत येऊ नका.”

“हात घालून?” उकंडराव म्हणाला.

“हो.”

“नाई,” कौतिकाबाई म्हणाल्या. “आधी पोथी होऊ द्या. मास्तर वाचतीन. मंग देवाच्या मनात असन तं मोकळी होईन. नाई झाली तं मंग तुमी पाहा.”

हीही रीतच. बाई अडली की कोणीतरी पोथीचा एक अध्याय वाचायचा, सगळ्यांनी हात जोडून ऐकायचं. गेल्या साली शेजारच्या घरात मलाच वाचायला बसवलं होतं, कारण माझं वाचन स्वच्छ आहे असा कोणीतरी समज पसरवला होता.

“पोथीला किती वेळ लागतो?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“अध्याय होयेपर्यंत,” कौतिकाबाई म्हणाल्या. “अध्याय सुरू झाला का कोनी उठत नाई. कोनी बोलत नाई. अर्धा सोडला तं पाप लागते.”

“कोणीच उठत नाही?”

“कोनीच नाई.”

डॉक्टरीणबाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी बॅगेतून निळ्या कापडी बांधणीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं.

“मग माझी पोथी वाचू द्या,” त्या म्हणाल्या. “माझा हात माझ्या पोथीवरच चालतो. मी आत काम करीन, मास्तर बाहेर वाचतील.”

“कोनत्या देवाची हाये?”

“बाळंतिणींची आहे.”

कौतिकाबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उलटंच उघडलं, मग मिटून कपाळाला लावलं. कुंकवाचं बोट पुठ्ठ्यावर टेकवलं. तो डाग अजून आहे. “लय जड हाये,” त्या आदराने म्हणाल्या. बहुधा त्या वजनानेच काम केलं.

मी डॉक्टरीणबाईंजवळ गेलो. “हे इंग्रजी आहे,” मी हळूच म्हणालो.

“मला माहीत आहे, धानोरकर. एकतिसावा अध्याय. आठ पानं आहेत. शब्द न् शब्द वाचा. सावकाश. एकही ओळ गाळू नका.”

“तुम्हाला आत ऐकू येईल ना?”

“येईल. तुम्ही फक्त थांबू नका.”

माझा समज असा झाला की बाईंनी ही गोष्ट कधी एकटीने केलेली नाही, पुस्तकात पाहून करायची आहे, आणि आत हात अडकलेले असल्यामुळे कोणीतरी ओळ न् ओळ सांगायला हवं आहे. म्हणजे पंचफुलाचा जीव माझ्या उच्चारांवर. मी इंटरपर्यंत शिकलो होतो, पण वैद्यकातले शब्द मी आयुष्यात उच्चारले नव्हते.

खोलीला दार नव्हतं; चौकटीला एक जुनं लुगडं आडवं लावलं. आत पंचफुला, डॉक्टरीणबाई आणि गुंफाबाई. गुंफाबाईच्या हाती भुलीच्या औषधाची बाटली दिली होती.

“नाकावरच्या फडक्यावर थेंब थेंब टाका, मी सांगेन तेव्हा,” डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

“हे मलेच तं नाई चढनार?”

“तोंड बाजूला ठेवा.”

“पन्नास वर्सं झाली, आता मले शिकवते पोरगी,” गुंफाबाई म्हणाली, पण बाटली तिने घट्ट धरली असावी, कारण पुढे ती एक शब्दही बोलली नाही.

लुगड्याकडे पाठ करून मी पाटावर बसलो. समोर कौतिकाबाई, उकंडराव, त्याच्या दोन काक्या, शेजारच्या चार बाया. सगळ्यांचे हात जोडलेले. मी एकतिसावा अध्याय उघडला.

पहिला परिच्छेद बरा गेला. बाळ आडवं म्हणजे काय, किती प्रकारांनी आडवं. बाया माना डोलावत होत्या. दुसऱ्या परिच्छेदात तो शब्द आला.

तो शब्द इंग्रजी होता. समोरच्या एकाही माणसाला इंग्रजी येत नव्हतं. मी तो मोठ्याने म्हटला असता तरी त्यांना तो देवाच्या नावासारखाच वाटला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण समोर सहासात बायका मोकळ्या केसांनी हात जोडून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि तो शब्द माझ्या जिभेवर येईना. मी तो गाळला. पुढच्या ओळीत तो पुन्हा होता. मी ओळ गाळली. मग एक असा परिच्छेद आला की ज्यात दुसरं काही नव्हतंच. मी पान उलटलं.

एकदा गाळायला लागल्यावर सोपं झालं. जिथे अवयवाचं नाव दिसे तिथून माझी नजर उडी मारून खाली जाई. मनाशी मी म्हणत होतो, हे त्यांना माहीतच असणार, डॉक्टर आहेत. कधी वाटे, आता आतून आवाज येईल, “मास्तर, एक ओळ राहिली.” आवाज आला नाही. मला वाटलं, म्हणजे गाळलेलं महत्त्वाचं नव्हतं. मी वेगाने वाचू लागलो.

आठ पानं पाव तासात संपली.

मी थांबलो. घरात कधी नव्हती अशी शांतता होती. दावी सोडलेला एक बैल अंगणात आला होता आणि तुळशीजवळ उभा होता.

“झाला?” कौतिकाबाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी पुस्तकाला नमस्कार केला, हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि सुनेला कुंकू लावायला उठल्या. अध्याय झाला की उठायचंच असतं. मी त्यांना अडवायला हवं होतं, पण माझं लक्ष अजून गाळलेल्या ओळींत होतं. त्यांनी लुगडं बाजूला केलं.

ताट खाली पडलं.

“कोपरापर्यंत हात घातला वं माय! मारली माही सून! उकंड्या, धाव!”

उकंडराव उठला. त्याच्या काक्या उठल्या. बायांनी रडायला सुरुवात केली. उकंडराव मला ओलांडून जायला निघाला तेव्हा आतून आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. पण तसा आवाज मी पुढे कधी ऐकला नाही.

“मास्तर, अध्याय पुरा झालेला नाही.”

मी पुस्तकाकडे पाहिलं. शेवटचं पान संपलेलं होतं. खाली बत्तिसावा अध्याय सुरू होत होता. मला काही समजेना. झाला होता, आणि झाला नाही असं त्या म्हणत होत्या. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: त्यांना कळलं. मी गाळलं ते त्यांना कळलं.

मी उभा राहिलो. उकंडराव अंगाने माझ्या दुप्पट होता. त्याच्या छातीवर मी ते पुस्तक टेकवलं.

“खाली बस!” मी ओरडलो. वर्गातही मी कधी ओरडलो नव्हतो. “सगळे खाली बसा! माझ्याकडून ओळी गळल्या आहेत. अध्याय अर्धा झालाय. पाप माझ्या डोक्यावर आहे. पहिल्यापासून वाचावा लागेल. बसा!”

उकंडराव तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो आईकडे पाहू लागला.

कौतिकाबाईंनी लुगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “वळी गाळल्या?” त्या म्हणाल्या. “अडल्या बाईच्या पोथीच्या?”

“हो.”

“काहून?”

मी अध्यायाचं पहिलं पान उघडलं. त्या हात जोडून खाली बसल्या. मग सगळे बसले.

मी पुन्हा वाचायला लागलो. या वेळी शब्द न् शब्द वाचला. तो शब्द आला तेव्हा कान गरम झाले, पण तो मी म्हटला. नंतरचेही म्हटले. त्या घरात, मोकळ्या केसांच्या बायांसमोर, स्त्रीच्या देहातल्या एकेका भागाचं नाव मी मोठ्याने घेतलं आणि बाया प्रत्येक वेळी मान लववत राहिल्या. आतून अधूनमधून डॉक्टरीणबाईंचा श्वास ऐकू येई. एकदा गुंफाबाई “माय वं” म्हणाली. आता मागे वळून पाहावं असं मला वाटे, आणि धीर होत नसे.

मी सहाव्या पानावर असताना मूल रडलं.

कोणी उठलं नाही. ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, आणि कोणी विश्वास ठेवत नाही. आत मूल रडत होतं, आणि बाहेर आठनऊ माणसं हात जोडून, गालांवर पाणी वाहत असताना जागची हलली नाहीत, कारण अध्याय व्हायचा होता. मीही थांबलो नाही. अडीच पानं उरली होती, ती मी सगळी वाचली. शेवटचा शब्द झाल्यावर कौतिकाबाईंनी मला विचारलं, “आता पुरा झाला? खरं सांगा.”

“पुरा झाला.”

मग त्या उठल्या.

मुलगी होती. पंचफुला जिवंत होती, कापसाच्या ढिगाला डोकं टेकून झोपल्यासारखी पडली होती. मी दारातूनच पाहिलं. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उताणे पडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“कौतिकाबाई,” त्या म्हणाल्या, “मुलीचा डावा हात माझ्याकडून दुखावला आहे. खांद्यातली नस ताणली गेली. पुढे किती हलेल ते आत्ता सांगता येणार नाही.”

कौतिकाबाईंनी नातीचा तो लोंबता हात उचलून पाहिला. सोडला तसा तो खाली पडला.

“तुमच्याकडून नाई, बाई,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “पोथी अर्धी राह्यली म्हनून हात अर्धा राह्यला. या मास्तरानं वळी गाळल्या.”

“असं काही नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“असते,” कौतिकाबाई म्हणाल्या.

त्यानंतर दवाखान्याचा बाक रिकामा राहिला नाही. गुंफाबाईच बायांना हाताला धरून आणू लागली. तीनचार वर्षं असं चाललं की अवघड बाळंतपण असलं की डॉक्टरीणबाईंबरोबर मलाही बोलावणं येई. निळं पुस्तक काखेत धरून मी बैलगाडीत बसायचो, लुगड्याकडे पाठ करून एकतिसावा अध्याय वाचायचो. पुढे एकही शब्द गाळला नाही. हळूहळू बाया डॉक्टरीणबाईंना ओळखू लागल्या, पोथीची गरज उरली नाही, आणि एके दिवशी गाडी माझ्यासाठी न थांबता दारावरून निघून गेली. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

मुलीचं नाव गोकर्णा ठेवलं. ती माझ्याच शाळेत आली. डावा हात कोपरात वाकायचा, पण खांद्याच्या वर जात नसे. हजेरीला सगळी मुलं हात वर करायची तेव्हा ती उजवा करायची. मी तिच्याकडे न पाहता हजेरी लावायचो. वर्गात कविता म्हणताना टाळ्या वाजवायची वेळ आली की ती डावा तळहात मांडीवर ठेवून त्यावर उजवा हात मारायची. सगळ्यांत मोठा आवाज तिच्याच टाळीचा असायचा.

त्या अध्यायात काय गाळलं होतं ते मी नंतर शोधून काढलं होतं. चौथ्या पानावर, अवयवांची नावं असलेल्या एका लांब परिच्छेदाच्या शेवटी, दोन ओळी होत्या. बाळाचा पाय हाती लागला म्हणून ओढू नये. घाई केली तर बाळाचे हात डोक्याकडे वर जातात आणि अडकतात. मी त्यांना ही ओळ ऐकवली नव्हती. त्यांनी ओढलं. वर्षानुवर्षं माझ्या मनात हे असंच होतं, आणि मी ते कोणाला बोललो नाही. कौतिकाबाई मला वेडगळ कारणासाठी दोष देत होत्या आणि मी मनातल्या मनात शहाण्या कारणासाठी देत होतो, एवढाच फरक.

डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन गाव सोडून निघाल्या तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. केस पांढरे झाले होते. पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. निळं पुस्तक त्यांनी बाजूला काढून माझ्या हातात दिलं.

“हे तुमचं,” त्या म्हणाल्या. “माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त वाचलंय.”

मी ते धरून उभा राहिलो. मग सगळा धीर एकवटून म्हणालो, “बाई, त्या दिवशी चौथ्या पानावरची ओळ मी गाळली. ओढू नये, ती. तुम्हाला ती ऐकायला मिळाली असती तर…”

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

“धानोरकर, तुम्हाला काय वाटलं, मी तुमच्याकडून ऐकून करत होते?”

“मग?”

“तो अध्याय मला पाठ होता. विद्यार्थी असल्यापासून.”

“मग वाचायला का लावलंत?”

“कौतिकाबाई म्हणाल्या ना, अध्याय होईपर्यंत कोणी उठत नाही. मला अर्धा तास बंद दार हवं होतं. त्या खोलीला दार नव्हतं, लुगडं होतं. दार म्हणून तुम्हाला बसवलं. आठ पानं सावकाश वाचली की अर्धा तास होतो, हे मी मोजलेलं होतं.”

मी खोक्यावर बसलो.

“तुम्हाला कळत होतं मी गाळतोय ते?”

“दुसऱ्या परिच्छेदापासून.”

“मग टोकलं का नाहीत?”

“टोकलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. पोथी चुकली म्हणून उठले असते.” त्यांनी एका पुस्तकावरची धूळ झटकली. “तुम्ही पान उलटलंत की मी आत हिशेब करत होते, आता किती उरलं. तुम्ही शेवटच्या पानावर आलात तेव्हा पाय नुकताच हाती लागला होता. मला ती ओळ येत होती, धानोरकर. घाई करू नये. पण तुम्ही वाचत चालला होतात. मी ओढलं, आणि हात वर जाऊन अडकला.”

“म्हणजे माझ्यामुळेच.”

“माझ्या हातामुळे,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“पण मी सावकाश वाचलं असतं…”

“आणि दुसऱ्यांदा वाचलं नसतंत तर? उकंडराव आत आला असता. मग दोघीही राहिल्या नसत्या. तेही तुमच्यामुळेच ना?” त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. “मला नाही सांगता येत यातलं काय कोणाच्या नावावर लिहायचं. मी पुष्कळ वेळा प्रयत्न केला. ते टोक धरा जरा, खोकं उचलायचंय.”

मी टोक धरलं.

घरी येताना मी विचार करत होतो, आणि अजून करतो. ओळ न ऐकल्याने हात गेला नव्हता. ओळ गाळल्याने वेळ गेला होता आणि वेळेने हात. म्हणजे पोथी अर्धी राहिली म्हणून हात अर्धा राहिला. कौतिकाबाई बोलल्या त्यात कुठे चूक काढावी हे मला कळत नाही, आणि त्या बरोबर होत्या असंही माझ्याने म्हणवत नाही.

कौतिकाबाई गेल्या, गुंफाबाई गेली, पंचफुलाही गेली. डॉक्टरीणबाई गेल्याची बातमी मला पंधरा दिवसांनी कळली. मी त्याच गावात राहिलो. परवा दुपारी गोकर्णा आली. तिलाही आता नातवंडं आहेत. अंगणवाडीत तीसेक वर्षं तिने मुलांची वजनं केली, उजव्या हाताने उचलायचं आणि डाव्याने नुसता आधार द्यायचा.

“मास्तर, ती पोथी हाये का तुमच्यापाशी?” तिने विचारलं. “आजीनं कुकू लावलेली?”

मी कपाटातून काढून दिली. तिने ती मांडीवर घेतली, तो डाग बोटाने चाचपला.

“आजी मरेपर्यंत म्हने, मास्तरानं वळी गाळल्या. माय म्हने, आपल्याले तं सपनात मास्तरचाच आवाज आयकू येत होता. भूल उतरत आली होती तिची. आवाज बंद झाला तं तिले वाटलं, आपुन मेलो. मंग पुन्हा सुरू झाला.” ती हसली. “मले कोनी सांगतलंच नाई, का त्याच्यात लिहेल काय हाये. आयकवा ना. मराठीत.”

“सगळं?”

“मंग? माह्या जन्माचं हाये ते.”

चष्मा शोधण्यात मी बराच वेळ घालवला. मग एकतिसावा अध्याय काढला आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. ते शब्दही सांगितले, आपल्या भाषेतले. ते इंग्रजीहून अवघड होते. ती मान डोलावत होती, कौतिकाबाई डोलवायच्या तशीच. पहिलं पान झालं. दुसरं झालं. चौथ्या पानावर तो लांब परिच्छेद आला, आणि त्याच्या शेवटच्या दोन ओळींपाशी येऊन मी थांबलो.

चष्म्यावर धुकं आलं होतं. मी तो पुसला. पुन्हा लावला. ओळी तिथेच होत्या.

गोकर्णाने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि उजव्या हाताने तो उचलून पुस्तकावर, पानाच्या कडेला ठेवला, वाऱ्याने पान उडू नये म्हणून ठेवावा तसा.

“हेच गाळलं होतं ना?” ती म्हणाली.

“हो.”

“वाचा, मास्तर. अध्याय अर्धा सोडत नाईत.”

मी वाचलं.